अरबी अद्भुतनाट्यातील भय आणि सामाजिक अशांतता

१. प्रास्ताविक

मराठी वाचकाच्या मनात ‘अरबी’ आणि ‘अद्भुत’ हे दोन शब्द एकमेकांशी घट्ट जोडले गेले आहेत. याचे श्रेय बऱ्याच अंशी कृष्णशास्त्री चिपळूणकरांकडे जाते. ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ या नावाने १८६१ पासून मराठीत येऊ लागलेल्या कथांनी अनेक पिढ्यांच्या वाचनाला वळण लावले. त्या कथांमधील जिन, राक्षस आणि मंत्राने उघडणारे दरवाजे आपल्या स्मरणात राहिले. पण या साऱ्या कथा ज्या चौकटीत सांगितल्या जातात तिच्याकडे मात्र आपले काहीसे दुर्लक्ष झाले. पत्नीच्या विश्वासघाताने संतापलेला राजा रोज एका कुमारिकेशी विवाह करतो आणि सकाळी तिचा वध करवितो. नगरातील लोक आक्रोश करतात, आपल्या मुलींना घेऊन नगर सोडू लागतात. राज्य अस्वस्थ झाले आहे आणि या अस्वस्थतेच्या टोकावर उभी राहून शहराजाद गोष्ट सांगते आहे. तिला भय जिनांचे नाही, सकाळी सुटणाऱ्या राजाज्ञेचे आहे. जिनाला बाटलीत बंद करता येते; राजाला बंद करता येईल अशी बाटली त्या कथांमध्ये कोठेही नाही.

अद्भुत आणि सत्ता यांचे हे नाते आधुनिक अरबी नाटकाने वारशाने स्वीकारले आणि वाढविले. प्रस्तुत लेखात या नाटकातील भयाच्या उगमाचा विचार करावयाचा आहे. श्वापद, पुनरुत्थित मृत, प्रेत, जिन यांपैकी कोणतेही अतिमानुष तत्त्व ज्यांच्या रचनेचा आधार आहे अशा नाट्यकृतींना येथे ‘अद्भुतनाट्य’ म्हटले आहे. ‘सामाजिक अशांतता’ ही संज्ञाही केवळ दंगल किंवा बंड एवढ्या मर्यादित अर्थाने योजलेली नाही. जी व्यवस्था आजवर निमूटपणे मान्य होती तिला प्रश्न विचारले जाण्याची शक्यता निर्माण होणे, ही अशांततेची पहिली पायरी होय. दंगल ही बहुधा तिची शेवटची पायरी असते.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : या नाटकांमध्ये अतिमानुष तत्त्व स्वतः फारसे भीतिदायक नसते. त्याच्या येण्याने समाजाच्या एका न मिटलेल्या हिशेबाची वही उघडते, आणि भय निर्माण होते ते या वहीमुळे.

२. भयानक रसाची चौकट

अरबी नाटकाच्या अभ्यासासाठी भरताकडे जाणे काहींना अनाठायी वाटेल. परंतु नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानक रसाची जी मांडणी आहे, ती प्रस्तुत प्रश्नाला आश्चर्यकारकरीत्या उपयोगी पडते. भयानकाचे विभाव सांगताना भरत विकृत आवाज, भूतादी सत्त्वांचे दर्शन, अरण्य, ओसाड घर यांची गणना करतो, आणि त्याच ओघात युद्ध व गुरूचा किंवा राजाचा अपराध यांचाही समावेश करतो. म्हणजे भुताचे दर्शन आणि राजाचा रोष या दोन गोष्टी त्याच्या मते एकाच पंक्तीत बसतात. अतिमानुष भय आणि सामाजिक भय यांच्यामध्ये आपण आज जी भिंत उभी करतो ती तेथे नाही.

भरताने भयानकाचे तीन प्रकारही सांगितले आहेत. पहिला व्याजजन्य, म्हणजे मनात नसताना दाखविलेला. दुसरा अपराधजन्य, म्हणजे स्वतःच्या दोषाच्या जाणिवेतून आलेला. आणि तिसरा वित्रासितक, म्हणजे अचानक घाबरविले गेल्यामुळे उद्भवलेला. हे वर्गीकरण व्यक्तीच्या भावावस्थेला उद्देशून आहे. प्रस्तुत लेखात ते समूहाला लावून पाहिले आहे. हा विस्तार भरताला अभिप्रेत नव्हता, हे येथेच नमूद करणे योग्य ठरेल. तरीही ज्या तीन नाटकांचा पुढे विचार केला आहे, त्यांतील समूहमनाचे भय या तीन प्रकारांच्या आधारे नेमके वेगळे करता येते.

३. फितना, वह्श आणि हिशेब

अरबी-इस्लामी परंपरेत जिनांचे अस्तित्व ही मान्य गोष्ट आहे. कुराणात जिनांच्या नावाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात श्रद्धावान जिनांचाही उल्लेख येतो. माणसाप्रमाणेच जिनही ईश्वरनिर्मित आणि ईश्वराला उत्तरदायी आहेत. ज्याचे सृष्टीतील स्थान आधीच ठरलेले आहे त्याची भीती वाटू शकते. परंतु त्याच्या केवळ अस्तित्वाने विश्वाची घडी विस्कटत नाही. विज्ञाननिष्ठ समाजातील भयकथेत ‘हे असूच शकत नाही’ या धक्क्याला जे महत्त्व असते, ते येथे बहुतांशी उरत नाही.

घडी विस्कटण्याचे भय या परंपरेत दुसऱ्या एका शब्दाभोवती गोळा झाले आहे. तो शब्द म्हणजे ‘फितना’. सोने विस्तवात घालून पारखणे हा या धातूचा मूळ अर्थ. त्यावरून परीक्षा, मोह, आणि पुढे समाजात पडलेली फूट, यादवी असे अर्थ विकसित झाले. तिसरा खलिफा उस्मान याच्या ६५६ मधील हत्येनंतर जी यादवी माजली ती इतिहासात ‘पहिला फितना’ म्हणून ओळखली जाते. या अनुभवाची छाया पुढील राजकीय विचारावर दीर्घकाळ राहिली. अन्यायी राजाची दीर्घ सत्ता ही राजाविना गेलेल्या एका रात्रीपेक्षा बरी, अशा आशयाचा विचार मध्ययुगीन धर्मशास्त्रात वारंवार आढळतो. अशांततेचे भय हे राज्यकर्त्याच्या हातातील प्रभावी साधन कसे होते, हे यावरून ध्यानात येते. मात्र ‘फितना’ या शब्दात पारख हा अर्थही दडलेला आहे. यादवीत समाज पारखला जातो, त्यातील हिणकस भाग उघडा पडतो.

आणखी दोन शब्दांची नोंद घेतली पाहिजे. ‘वह्श’ म्हणजे श्वापद. त्याच धातूपासून झालेल्या ‘वह्शा’ या शब्दाचा अर्थ एकाकीपणातून येणारी भकास भीती असा आहे. श्वापद आणि माणसांपासून तुटलेपण यांचे मूळ भाषेनेच एक मानले आहे. दुसरा शब्द मराठीलाही परका नाही. आपला ‘हिशेब’ हा अरबी ‘हिसाब’पासून आलेला. मराठीत तो दुकानाच्या वहीत आणि कचेरीच्या दप्तरात स्थिरावला. अरबीत मात्र जमाखर्चाच्या अर्थाबरोबरच ‘यौम अल्-हिसाब’ म्हणजे मृतांना उठवून प्रत्येकाच्या कर्मांचा झाडा घेतला जाण्याचा अंतिम दिवस हाही अर्थ जिवंत आहे. मृत परत येतात तेव्हा हिशेब सुरू होतो, हा संकेत अरबी प्रेक्षकाच्या मनात आधीपासून असतो. नाटककाराला तो नव्याने निर्माण करावा लागत नाही.

४. एक जुना दाखला : सैतानाचा मृत्यू

अरबी भाषेत नाट्यपरंपराच नव्हती, हे विधान आता कोणी सरसकट करीत नाही. तेराव्या शतकातील इब्न दानियाल याची छायानाट्ये या विधानाला उत्तर देण्यास पुरेशी आहेत. मोसुलमध्ये जन्मलेला हा नेत्रवैद्य मंगोल आक्रमणाच्या काळात आपली भूमी सोडून कैरोत आला. त्याच्या ‘तैफ अल्-खयाल’ या छायानाट्याच्या नावातच छायाभास सूचित आहे. मामलूक सुलतान बैबर्स याने मद्य, हशीश आणि वेश्याव्यवसाय यांविरुद्ध काढलेल्या कडक मोहिमेची पार्श्वभूमी या नाट्याला आहे. या मोहिमेमुळे आपला धंदाच बसल्याने इब्लीस, म्हणजे सैतान, मरण पावला असे मानून त्यात त्याच्यासाठी विलापिका रचलेली आहे.

विनोदाचा भाग सोडला तरी या कल्पनेतील उलटापालट लक्षणीय आहे. ज्याने जगाला घाबरवावयाचे तो सैतानच येथे सुलतानाच्या शिपायांचा बळी ठरतो. अतिमानुष तत्त्व सत्तेपेक्षा दुबळे आहे आणि प्रेक्षक हसत हसत त्याच्यासाठी शोक करतो आहे. आधुनिक नाटकात ज्याचा गंभीर विकास झाला त्या दृष्टीचे बीज या हास्यात सापडते.

५. ‘अह्ल अल्-कह्फ’ : परतलेल्यांचे काय करावयाचे?

तौफीक अल्-हकीम यांचे ‘अह्ल अल्-कह्फ’ (गुहेतील माणसे) १९३३ मध्ये प्रकाशित झाले. १९३५ मध्ये इजिप्तच्या नव्या राष्ट्रीय नाट्यसंस्थेने आपल्या कार्याचा आरंभ याच नाटकाने केला. कुराणातील आणि ख्रिस्ती परंपरेतील गुहेत झोपी गेलेल्या माणसांची कथा हा त्याचा आधार. रोमन सम्राट डेसियस याच्या छळापासून पळालेले मर्नूश आणि मिश्लीनिया हे दोन ख्रिस्ती दरबारी आणि यम्लीखा हा मेंढपाळ आपल्या कुत्र्यासह गुहेत आसरा घेतात. त्यांना वाटते एखादी रात्र गेली. प्रत्यक्षात तीनशेहून अधिक वर्षे लोटलेली असतात. जुने नाणे बाहेर येताच रहस्य फुटते. मशाली घेऊन गुहेत शिरलेला जमाव त्यांना पाहून भयाने मागे फिरतो.

हे वित्रासितक भय होय. ते क्षणिक आहे. नाटककाराचे खरे लक्ष त्यापुढील घडामोडींकडे आहे. जे भूत वाटले होते ते संत ठरतात. त्यांचा राजवाड्यात सन्मान होतो. पण मर्नूशला हवे आहे आपले घर, बायको आणि मुलगा. मिश्लीनियाला हवी आहे आपली प्रिस्का. मुलगा कधीच वृद्ध होऊन मेला आहे आणि समोर उभी असलेली प्रिस्का ही त्याच नावाची, पुष्कळ पिढ्यांनंतरची दुसरी स्त्री आहे. एकेक करून तिघेही गुहेत परततात आणि शेवटी गुहेचे तोंड बंद केले जाते.

हकीम यांचा अभिप्रेत विषय माणूस आणि काळ यांचा झगडा हा आहे, हे सर्वमान्य आहे. नाटकाला राजकीय रूपक म्हणून दावणीला बांधण्याचे कारण नाही. तरीही समूहाच्या बाजूने पाहिले असता एक गोष्ट लपत नाही. हे तिघे मूळचे छळाचे बळी आहेत. सत्तेने ज्यांना नाहीसे केले ते परत आले आहेत. त्यांच्याकडे मागण्या आहेत आणि त्या अगदी साध्या, ऐहिक आहेत. समाजाला त्यांतील एकही पुरविता येत नाही; म्हणून तो त्यांना संतपद देतो. पूजा हा हिशेब टाळण्याचा सर्वांत सभ्य मार्ग आहे. जिवंत माणसाला देव्हाऱ्यात बसविले की त्याच्या तक्रारीला उत्तर देण्याची जबाबदारी आपोआप संपते.

या प्रयोगाच्या काळाचीही नोंद येथे करावीशी वाटते. १९३० मध्ये इस्माईल सिदकी यांच्या सरकारने १९२३ ची राज्यघटना रद्द केली होती. तिच्या पुनःस्थापनेसाठी नोव्हेंबर १९३५ मध्ये कैरोचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि डिसेंबरमध्ये ती पुन्हा लागू झाली. नाटक आणि आंदोलन यांत कार्यकारणसंबंध जोडता येणार नाही. मात्र गाडलेली गोष्ट पुन्हा उठून उभी राहते, हा अनुभव त्या वर्षी रंगमंदिराच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे उपलब्ध होता, एवढे म्हणता येईल.

६. अली सालेम : श्वापद मेले, भय उरले

जून १९६७ च्या युद्धातील पराभवाने अरबी साहित्याची भाषाच बदलली. इजिप्तमध्ये या पराभवाची पहिली उघड सामाजिक प्रतिक्रिया फेब्रुवारी १९६८ मध्ये उमटली. पराभवास जबाबदार धरलेल्या हवाई दलाच्या अधिकाऱ्यांना सौम्य शिक्षा झाल्याच्या निषेधार्थ हेलवानचे कामगार आणि पाठोपाठ विद्यार्थी रस्त्यावर आले. त्या मागणीचे स्वरूप हिशेबाचे होते : जे घडले त्याला कोण जबाबदार?

या वातावरणात अली सालेम यांचे ‘इन्ता इल्ली अतल्त अल्-वह्श’ (तूच तो, ज्याने श्वापदाला मारले) हे नाटक १९७० मध्ये कैरोत रंगभूमीवर आले. ईडिपसची कथा येथे ग्रीक थीब्जमधून उचलून इजिप्तच्या प्राचीन थीब्जमध्ये आणली आहे. नगराच्या तटाबाहेर एक श्वापद बसले आहे. ते कोडे घालते आणि उत्तर न देणाऱ्याला ठार करते. ईडिपस बाहेर जातो. परततो तेव्हा जमावाने निकाल ठरवून टाकलेला असतो. ‘तूच श्वापदाला मारलेस’ हा घोष सुरू होतो आणि नाटकभर तो थांबत नाही. ईडिपस राजा होतो. तो दूरध्वनी, दूरचित्रवाणी यांसारखे आधुनिक शोध हजारो वर्षे आधी नगरात आणतो. मूळ कथेतील पितृहत्या व मातृविवाह यांची शोकात्मिका सालेम जवळजवळ बाजूला सारतात. त्यांना रस आहे तो नगराच्या कारभारात. हा कारभार पोलीसप्रमुख अवालिह याच्या हाती आहे. राजाविषयी शंका काढणाऱ्यांचा तो बंदोबस्त करतो. आणि मग एके दिवशी श्वापद पुन्हा तटाबाहेर येऊन बसते.

या नाटकात भयाचे दोन थर आहेत. तटाबाहेरील श्वापदाचे भय खरे आहे. पण ते सर्वांना सारखे आहे आणि त्याच्याविषयी मोकळेपणाने बोलता येते. तटाच्या आतील भयाविषयी बोलता येत नाही. ते घोषणेच्या रूपाने प्रकट होते. राजापुढे गर्जणारा जमाव भ्यालेला दिसत नाही, उलट आनंदी दिसतो. भरताच्या परिभाषेत व्याजजन्य भय हे गुरू किंवा राजा यांच्यासमोर दाखविलेले कृत्रिम भय होय. सालेम यांच्या थीब्जमध्ये त्याची उलट बाजू दिसते : तेथे भय खरे आहे आणि कृत्रिम आहे तो उत्साह. ‘व्याज’ तेच, त्याचे तोंड मात्र फिरले आहे.

श्वापद पुन्हा येते तेव्हा या व्याजाची किंमत चुकवावी लागते. ज्यांना वर्षानुवर्षे आपापसांत बोलण्याचीही भीती घातली गेली ते लोक एकत्र येऊन श्वापदाशी कसे लढणार? ‘वह्श’ आणि ‘वह्शा’ यांचे भाषेतील नाते येथे नाट्यगत सत्य बनते. प्रत्येक नागरिक एकाकी झाला आहे, आणि त्या एकाकीपणातच श्वापदाचे बळ आहे. तत्कालीन प्रेक्षकांनी ईडिपसमध्ये नासर यांना आणि श्वापदाच्या पुनरागमनात १९६७ ला पाहिले, हे स्वाभाविक होते. परंतु नाटक एका व्यक्तीवरील टीकेपुरते उरत नाही. ज्या समाजाने आपल्या मुक्तीचे काम एका वीरावर सोपविले त्यालाही ते हिशेब विचारते. म्हणूनच श्वापदाला कोणी मारले, किंबहुना ते मेले होते का, हा प्रश्न नगरात कोणालाही विचारावासा वाटत नाही. उत्तराचे भय श्वापदापेक्षा मोठे आहे.

७. ताहिर वत्तार आणि बेनगेत्ताफ : या आठवड्यात शहीद परत येत आहेत

अपराधजन्य भयाचा सर्वांत स्वच्छ दाखला अल्जीरियात सापडतो. ताहिर वत्तार (१९३६–२०१०) यांची ‘अश्-शुहदा यऊदून हाझा अल्-उस्बू’ (या आठवड्यात शहीद परत येत आहेत) ही दीर्घकथा १९७४ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हामद बेनगेत्ताफ यांनी केलेले तिचे नाट्यरूप १९८७ मध्ये रंगभूमीवर आले. १९५४ ते १९६२ या काळात फ्रान्सविरुद्ध लढलेल्या आणि लक्षावधी माणसे गमावलेल्या देशाची ही कथा आहे. एका वृद्ध बापाला पत्र येते : मुक्तिसंग्रामात मारला गेलेला त्याचा मुलगा मुस्तफा आणि त्याच्याबरोबरचे शहीद या आठवड्यात परत येत आहेत. म्हातारा गावात फिरून ज्याला त्याला एकच प्रश्न विचारतो : ते खरोखरच आले तर?

प्रश्नाने गावात आनंद पसरावयास हवा. प्रत्यक्षात दडपण पसरते. ज्यांच्या नावाने स्मारके उभी राहिली, ज्यांच्या नावाने पदे मिळाली, ज्यांच्या नावाने कुटुंबांना निवृत्तिवेतने मिळाली, ते जिवंत परतले तर या साऱ्याचे काय होणार? नगरप्रमुखापासून पक्षाच्या स्थानिक नेत्यापर्यंत जो तो आपापल्या परीने हिशेब मांडू लागतो. शासकीय दप्तरात शहीद मृत म्हणून नोंदलेले आहेत. आपण जिवंत आहोत हे त्यांनाच सिद्ध करावे लागेल, असा कायदेशीर तर्कही पुढे येतो. कथेत एकही प्रेत उठत नाही. कबर उघडत नाही, पांढरे वस्त्र दिसत नाही, रात्री आवाज येत नाही. केवळ वार्तेने संपूर्ण व्यवस्था हादरते. अतिमानुष तत्त्व जवळजवळ शून्यावर आणून त्यातून एवढे मोठे भय निर्माण करणारी दुसरी कृती सहजासहजी आठवत नाही.

येथे ‘हिसाब’ या शब्दाचे दोन्ही अर्थ एकमेकांवर येऊन बसतात. मृतांच्या पुनरुत्थानाचा धार्मिक संकेत आणि नगरपालिकेची नोंदवही यांचा संयोग हास्यास्पद आहे आणि भीषणही. धर्मशास्त्रात मृत उठतात ते स्वतःचा हिशेब देण्यासाठी. वत्तार यांच्या गावात मृत येणार आहेत ते जिवंतांकडून हिशेब घेण्यासाठी. शहीद हा शब्द साक्षीदार या अर्थाच्या धातूपासून आला आहे, हेही येथे विसरता येत नाही. गावाला हुतात्मे हवे आहेत. साक्षीदार नको आहेत.

इजिप्तचे नाटककार महमूद दियाब यांच्या ‘अझ्-झौबआ’ (वादळ) या ग्रामीण नाटकात याच्याशी सजातीय रचना आढळते. न केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात गेलेला एक माणूस परत येणार, या वार्तेने अख्खे गाव भयभीत होते आणि त्या भयातच गावकऱ्यांचे जुने अपराध उघडे पडू लागतात. तेथे अतिमानुष काही नाही. पण न आलेला माणूस भुताचे सर्व कार्य पार पाडतो. दोन्ही कृती शेजारी ठेवल्या म्हणजे भुताचे कार्य म्हणजे नेमके काय हे कळते : ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या गैरहजेरीला हजर करणे.

बेनगेत्ताफ यांच्या नाट्यरूपानंतर एका वर्षाने, ५ ऑक्टोबर १९८८ रोजी, अल्जीयर्समध्ये तरुणांचा उद्रेक झाला. महागाई, बेकारी आणि एकपक्षीय सत्तेतील मक्तेदारी यांविरुद्धचा हा संताप लष्कराने गोळीबाराने दडपला. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. १९८९ मध्ये नवी राज्यघटना आली, अनेक पक्षांना मान्यता मिळाली. आणि १९९२ पासून देश रक्तरंजित यादवीत ढकलला गेला. नाटकाने या घटनांचे भाकीत केले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. मात्र संग्रामाच्या पुण्याईवर चालणाऱ्या सत्तेचे खाते किती रिकामे झाले होते हे नाटकाने उद्रेकापूर्वी दाखविले होते. पुढे रंगकर्मींनाही याची किंमत चुकवावी लागली. मार्च १९९४ मध्ये ओरान येथे अब्दुल्कादर अल्लूला यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. फेब्रुवारी १९९५ मध्ये अज्जुद्दीन मज्जूबी यांची अल्जीयर्सच्या राष्ट्रीय रंगमंदिराच्या दारातच हत्या झाली. सत्तेने नाकारलेला हिशेब मागणारी नाटके, आणि हिशेब मागण्याचा मक्ता आपल्याकडेच आहे असे मानणारे बंदूकधारी, यांच्यामध्ये अल्जीरियाची रंगभूमी सापडली होती.

८. दोन आक्षेप आणि एक मर्यादा

या प्रतिपादनावर पहिला आक्षेप असा घेता येईल की, ही सारी अद्भुतता म्हणजे सेन्सॉरला चकविण्यासाठी घेतलेला बुरखा आहे. बुरखा काढला की राजकीय आशय तेवढा उरतो. सेन्सॉरचा दबाव हे वास्तव होते, यात शंका नाही. परंतु केवळ बुरखा हवा असता तर इतिहासाचे वा परदेशाचे कथानक पुरले असते. मृतांना वादी म्हणून उभे करणे वास्तववादी नाटकाला शक्य नाही. मेलेला माणूस काय मागेल, हा प्रश्न अद्भुताखेरीज अन्य मार्गाने विचारताच येत नाही. अद्भुत येथे आशयाचे आवरण नसून त्याच्या विचाराचे साधन आहे.

दुसरा आक्षेप असा की, हे लक्षण बंडखोर पिढीच्या नाटकापुरतेच खरे आहे. आजच्या करमणूकप्रधान भयनाट्याला ते लागू पडत नाही. या संदर्भात २०१९ मधील ‘जिन’ या जॉर्डनच्या पाच भागांच्या मालिकेचे उदाहरण घेता येईल. पेट्रा येथे सहलीला गेलेल्या अम्मानच्या शाळकरी मुलांमध्ये जिन प्रवेश करतात, असे तिचे कथासूत्र आहे. मालिका प्रसारित होताच जॉर्डनमध्ये क्षोभ उसळला. त्याचे कारण जिनांचे दर्शन हे नव्हते. तरुण पात्रांचे चुंबन आणि त्यांची शिवराळ भाषा हे होते. प्रकरण सरकारी वकिलांपर्यंत गेले आणि प्रसारण थांबविण्यासाठी पावले उचलण्याचे आदेश सायबर गुन्हे विभागाला दिले गेले. प्रेक्षकसमाज जिनांना सहज पचवितो आणि आपल्या घडीला गेलेल्या तड्याने हादरतो, हेच येथेही दिसते. फरक एवढाच की, भय आता नाटकाच्या आत नसून प्रेक्षागृहात आहे.

मर्यादा मात्र मान्य केली पाहिजे. हिशेब मागणारे भूत नेहमीच न्यायाच्या बाजूचे असते असे नाही. अहमद सादावी यांची ‘फ्रांकेन्श्टाइन फी बगदाद’ ही २०१३ मधील कादंबरी नाट्यकृती नाही, तरी या विवेचनाला ती आवश्यक पुस्ती जोडते. २००५ च्या बगदादमध्ये बॉम्बस्फोटांत बळी पडलेल्यांचे अवयव शिवून तयार झालेले प्रेत त्या त्या अवयवाच्या धन्याच्या खुन्याचा सूड घेऊ लागते. सूड पूर्ण झाला की तो अवयव गळून पडतो, नवा लागतो, आणि नव्यासाठी निरपराध्यांचे मांसही चालू लागते. हिशेब न्यायसंस्थेकडून निघून सुडाकडे गेला की तो कधीच मिटत नाही. वत्तार यांच्या गावाला जे नको होते ते न घडल्याचा परिणाम असा बगदादच्या रस्त्यावर दिसतो.

९. समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. अरबी अद्भुतनाट्यात भयाचे आलंबन अतिमानुष असले तरी त्याचे कारण सामाजिक असते. हे कारण अशांततेच्या गोंगाटात नसून अशांततेपूर्वीच्या शांततेत दडलेले असते. हकीम यांच्या नाटकात समाज परतलेल्यांची पूजा करून ही शांतता राखतो. सालेम यांच्या नाटकात घोषणा देऊन. वत्तार-बेनगेत्ताफ यांच्या कृतीत नोंदवहीचा आधार घेऊन. वित्रासित, व्याजजन्य आणि अपराधजन्य अशा भयाच्या या तीन अवस्था म्हणजे न मिटलेल्या हिशेबाकडे पाठ फिरविण्याचे तीन प्रकार होत. राज्यकर्ते ज्याला फितना म्हणतात त्याच क्षणी समाज विस्तवात पारखला जात असतो. नाटककाराला रस असतो तो या पारखण्यात.

या नाटकांच्या अध्यापनात ‘भूत कशाचे प्रतीक आहे?’ हा प्रश्न सवयीने विचारला जातो. त्याने चर्चा लवकर संपते, कारण प्रतीकाचे उत्तर एका शब्दात देता येते. त्याऐवजी ‘भूत आल्यावर कोणकोण घाबरले, आणि कोण घाबरले नाही?’ हा प्रश्न संहितेला विचारून पाहावा. वत्तार यांच्या कथेत याचे उत्तर स्वच्छ आहे. शहिदांच्या येण्याच्या वार्तेने सारे गाव धास्तावते. पत्र हातात घेऊन दारोदार फिरणाऱ्या बापाला मात्र मृत मुलाचे भय वाटत नाही. त्याच्याकडे मुलाचे कोणतेही देणे थकलेले नाही.